वास्तुरेखनप्रवेश : प्रस्तावना

वास्तुरेखन शिकावयास निघालेल्या मनुष्याची पहिली समजूत बहुधा अशी असते की, ज्याला चित्र काढता येते त्याला इमारतीचा नकाशा ओघानेच काढता येईल, आणि ज्याचा हात चित्रकलेत कच्चा त्याने या वाटेला जाण्यात काही हशील नाही. या समजुतीचे मूळ आपल्या शाळांत आहे. मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या सरकारी परीक्षांना महाराष्ट्रातील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या बसत आल्या. त्यांत वस्तुचित्र असे, स्मरणचित्र असे, आणि निराळ्या कागदावर, कंपासपेटी उघडून सोडवावयाची कर्तव्यभूमितीही असे. ज्या मुलाला घागर आणि तिच्या पोटावर पडलेला उजेड उत्तम साधे तो भूमितीच्या कागदाला कंटाळे, आणि ज्याचा पंचकोन बिनचूक जमे त्याला रंगांची धास्ती वाटे. परीक्षकांच्या सोयीसाठी झालेली ही वाटणी विद्यार्थ्याच्या मनात कायमची होऊन बसते, आणि मग स्केच हा कलावंताचा सुभा, नकाशा हा ओव्हरसियरचा सुभा, आणि वर्णनात्मक भूमिती हा परीक्षेपुरता सोसावयाचा भोग, अशी त्रिस्थळी यात्रा सुरू होते. प्रस्तुत पुस्तक ही वाटणी मोडून काढण्याच्या हेतूने लिहिले आहे, आणि त्यातील पाठांचा क्रम नेहमीच्या पाठ्यपुस्तकांहून वेगळा का आहे याचा खुलासा करण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवावी लागत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, रेखन म्हणजे डोळ्यांना जे दिसते त्याची नक्कल नव्हे. इमारत जशी आहे तशी ती कोणालाही, कोठेही उभे राहिले तरी दिसत नाही. समोरून पाहिली तर खोली कळत नाही, आत शिरले तर बाहेरचा आकार लोपतो, आणि भिंतीची जाडी तर दार-खिडकीच्या चौकटीपाशी ओझरती दिसेल तेवढीच. म्हणून वास्तुकार इमारतीला कल्पनेने कापतो. जमिनीपासून सुमारे कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर आडवा छेद घेऊन वरचा भाग उचलून बाजूला ठेवावा आणि उरलेल्या भागाकडे थेट वरून पाहावे, म्हणजे जे दिसेल तो प्लॅन. हाच छेद उभा घेतला म्हणजे सेक्शन. आणि न कापता, अनंत अंतरावरून पाहिल्याप्रमाणे, लांबच्या-जवळच्या वस्तूंत लहानमोठेपणाचा कसलाही भेद न करता दर्शनी बाजू कागदावर उतरविली म्हणजे एलिव्हेशन. या तिन्ही दर्शनांना प्रत्यक्षात प्रेक्षक नाही. ती कोणाच्याही डोळ्यांसमोरची दृश्ये नसून इमारतीसंबंधीच्या माहितीचे सुव्यवस्थित दस्तऐवज आहेत, आणि ही गोष्ट पहिल्या आठवड्यात ज्याच्या मनात ठसली त्याचे पुढचे बरेच श्रम वाचतात.

हे पुस्तक बंगळुरात लिहिले गेले, याला निव्वळ लेखकाचे वास्तव्य एवढेच कारण नाही. १६३८ साली रणदुल्लाखानाने हे ठाणे घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि मल्लेश्वरातील काडु मल्लेश्वराच्या देवालयाला व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आजही तेथे आहे. तेव्हा मराठी माणसाला हे नगर परके मानण्याचे कारण नाही. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने बंगळूरचे महत्त्व निराळे आहे. रेखनाच्या किती तरी परंपरा या एका शहरात दगडाच्या रूपाने उभ्या आहेत. कब्बन पार्काच्या कडेची, १८६८ साली पुरी झालेली तांबडी अट्टारा कचेरी लष्करी इंजिनियरांच्या शिस्तीची साक्ष देते. विज्ञान संस्थेची मुख्य इमारत मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याची. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस ज्यांनी रेखाटले त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे हे चिरंजीव. त्याच आवारात बर्लिनहून आलेले आणि १९३९ पासून म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुकार असलेले ओटो कोनिग्सबर्गर यांच्या इमारती आहेत, ज्यांत अलंकरण जवळजवळ नाही आणि ऊन-वाऱ्याचा विचार मात्र पदोपदी आहे. स्वातंत्र्यानंतरचे विधानसौध, चार्ल्स कोरिया यांचे विश्वेश्वरय्या केंद्र, बाळकृष्ण दोशी यांची व्यवस्थापन संस्था, ही तर सर्वांच्या परिचयाची. आणि ज्यांच्या खटपटीने १९१७ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते विश्वेश्वरय्या स्वतः पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, हेही मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सर्व थोर इमारती एकीकडे ठेवून वर्णनात्मक भूमितीच्या पहिल्या धड्यासाठी मी विद्यार्थ्याला बसवनगुडी, मल्लेश्वर किंवा रिचमंड टाऊनमधील एखाद्या जुन्या बंगल्यासमोर उभे करतो. प्लेगच्या सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, या वसाहती वाढीस लागल्या, आणि त्यांतील बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी जाळीची निमुळती टोपी असे, जिला येथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. दिवसेंदिवस हे बंगले पाडले जात आहेत, हा वेगळा विषय आहे. त्यांचे मंगलोरी कौलांचे चौपाखी छप्पर मात्र वर्णनात्मक भूमितीचा आरंभ करण्यास जितके सोयीचे आहे तितके पाठ्यपुस्तकांतील शंकू आणि लोलक खचित नाहीत.

समजा, अशा बंगल्याची एक खोली सहा मीटर रुंद आहे, चारी पाख्यांचा उतार सारखा आहे, आणि आढे भिंतीच्या माथ्यापासून दोन मीटर उंच आहे. खोलीच्या कोपऱ्यापासून आढ्याच्या टोकापर्यंत जाणारा जो कोनवासा, त्याची लांबी सुताराला हवी आहे. नवशिक्या प्लॅनवर पट्टी ठेवतो. प्लॅनमध्ये हा वासा तीन मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण म्हणून दिसतो, तेव्हा उत्तर येते ४.२४ मीटर. शंका आली म्हणून तो एलिव्हेशनवर पट्टी ठेवतो. तेथे तीन मीटर आडवे आणि दोन मीटर उभे अंतर, म्हणून उत्तर येते ३.६१ मीटर. बाजूचे दर्शन काढून पाहिले तरी पुन्हा ३.६१. तीन दर्शने काढली, तिन्ही बिनचूक काढली, आणि तिन्हींत वासा आखूड! खरी लांबी तीन, तीन आणि दोन यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ४.६९ मीटर आहे. प्लॅनवर विसंबून लाकूड कापणाऱ्याचा वासा जवळजवळ अर्ध्या मीटरने कमी पडेल, आणि एलिव्हेशनवर विसंबणाऱ्याचा मीटरभराहूनही अधिक.

येथे कोणत्याही रेषेची चूक नाही. वासा कोणत्याच प्रतलाला समांतर नसल्याने प्रत्येक प्रतलावर त्याची पडछाया आखूड पडते, एवढेच. मग वर्णनात्मक भूमिती काय करते? प्लॅनमध्ये वाशाचे खालचे टोक स्थिर धरून, कंपासने वरचे टोक असे फिरविते की वासा एलिव्हेशनच्या प्रतलाला समांतर यावा. फिरताना त्या टोकाची उंची तीच राहते, म्हणून ते टोक एलिव्हेशनमध्ये आडव्या रेषेवरच सरकते. तेथपर्यंत उभी रेषा चढवून दोन्ही टोके जोडली की ४.६९ मीटर लांबीची रेषा कागदावर आपसूक उमटते. गुणाकार नाही, वर्गमूळ नाही, कंपासचा एक चाप आणि सेट-स्क्वेअरच्या दोन रेषा. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले त्याला पुढे ‘रेषेची खरी लांबी’, ‘प्रतलाचा खरा आकार’, ‘दोन घनांचा छेद’ ही प्रकरणे निराळी वाटत नाहीत. सर्वत्र युक्ती तीच, वस्तू तरी फिरवा नाही तर पाहण्याची दिशा तरी बदला. चांगला जुना सुतार हेच काम जमिनीवर खडूच्या दोरीने, पूर्ण मापात आखून करतो, आणि त्याने प्रतल हा शब्द कधी ऐकलेला नसतो.

सुतार आणि पाथरवट यांचे हे ज्ञान शास्त्रात कसे दाखल झाले, ती हकीकत मनोरंजक आहे. कमानीचे दगड घडविण्यासाठी लागणारी भूमिती युरोपात गवंड्यांच्या घराण्यांत शतकानुशतके गुप्तपणे चालत आली. ड्यूररने १५२५ साली मोजणीवरील आपल्या ग्रंथात आणि देझार्गने पुढच्या शतकात तिचा काही भाग उघड केला. परंतु तिला एकसंध शास्त्राचे रूप दिले ते गास्पार मोंज याने. बोन गावच्या एका किरकोळ व्यापाऱ्याचा हा मुलगा मेझिएरच्या लष्करी विद्यालयात आला तेव्हा, घराणे उमरावाचे नाही म्हणून, अधिकाऱ्यांच्या वर्गात त्याला जागा मिळाली नाही. प्रतिकृती आणि नकाशे तयार करणाऱ्या कारागिरांच्या शाखेत तो पडला. तटबंदीचा कोणता भाग शत्रूच्या माऱ्यापासून आडोशाला राहील हे ठरविण्याचे काम त्या काळी लांबलचक आकडेमोडीने होत असे. ते मोंजकडे आले आणि त्याने ते इतक्या झटपट पुरे केले की, वरिष्ठ अधिकारी त्याचे उत्तर तपासून पाहण्यासही प्रथम राजी होईना. तपासल्यावर मात्र ते लष्करी गुपित म्हणून बंदोबस्तात ठेवण्याचा हुकूम झाला. क्रांतीनंतर १७९५ साली मोंजने पॅरिसमध्ये उघड व्याख्याने दिली आणि १७९९ साली त्यांचे पुस्तक निघाले. गवंड्यांनी घरात कोंडलेले ज्ञान सरकारने कुलपात ठेवले, आणि शेवटी शाळामास्तरांनी ते इतके नीरस केले की कोंडून ठेवण्याची गरजच उरली नाही, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या एन. डी. भट यांच्या, आणंदहून निघणाऱ्या, इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या पुस्तकावर वाढल्या. ते पुस्तक उदाहरणांच्या विपुलतेत अजोड आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी ते वापरू नये असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्यातील षट्कोनी लोलक क्षितिजसमांतर प्रतलाशी तीस अंशांचा कोन करून का झुकला आहे, त्याला कोणी झुकविले, याचे उत्तर विद्यार्थ्याला मिळत नाही. कोनवाशाला झुकण्याचे कारण आहे, पाऊस.

मोजणीच्या पाठांसंबंधी आता सांगावयाचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये क्लॉड बॅटली यांनी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना जुन्या इमारती प्रत्यक्ष मोजून रेखाटण्याची जी सवय लावली, आणि जिचे फळ १९३४ साली निघालेल्या त्यांच्या भारतीय वास्तुकलेवरील रेखनसंग्रहात दिसते, तिच्याहून चांगली शिक्षणपद्धती मला माहीत नाही. उभ्या इमारतीशी वाद घालता येत नाही. माप चुकले तर रेषा जुळत नाहीत, आणि त्या का जुळत नाहीत हे शोधण्यासाठी पुन्हा जागेवर जावे लागते. बंगळूरच्या कोटातील टिपूचा लाकडी महाल, जो १७९१ साली पूर्ण झाला, अशा सरावासाठी उत्तम आहे: दगडी बैठकीवरचे निमुळते लाकडी खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, दोन मजले, आणि सज्जे. तेथे बसून स्केच करण्यास कोणी हरकत घेत नाही. टेप लावावयाचा तर पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढावी.

टेप लावण्याचीही एक रीत आहे, जी पुस्तकांत क्वचितच सांगतात. एका रांगेतील खांबांमधले प्रत्येक अंतर सुटे सुटे मोजून त्यांची बेरीज करू नये. टेपचे शून्य एका टोकाला पक्के धरून, टेप न हलविता, पुढचा प्रत्येक खांब कितीवर येतो ते वाचत जावे. सुट्या मापांतील चुका साठत जातात, सलग मापांतील साठत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की खोलीच्या चार बाजू मोजून तिचा आकार ठरत नाही. चार बाजू कायम ठेवूनही चौकट कलती करता येते. म्हणून एक कर्ण तरी मोजलाच पाहिजे. कर्णाने खोलीचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याला हलण्यास वावच नाही. गवंडी तीन, चार, पाचच्या दोरीने काटकोन धरतो तो याच भरवशावर, आणि कर्नल लॅम्बटन यांनी १८०० साली बंगळूरजवळच्या मैदानात एक पायारेषा अतिशय कसोशीने मोजून तिच्यावर त्रिकोणांची साखळी रचण्यास आरंभ केला तोही याच भरवशावर. हिंदुस्थानचा नकाशा आणि आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा यांत प्रमाणाचाच काय तो फरक.

प्रमाणाची गोष्ट निघालीच आहे, तर विधानसौधाचे उदाहरण घेऊ. ही इमारत सुमारे ७०० फूट लांब आहे, म्हणजे २१३ मीटर. १:१०० या प्रमाणात तिचा प्लॅन दोन मीटरहून लांब होईल, आणि प्रचलित कागदांपैकी सर्वांत मोठा जो ए-झीरो, तो लांबीला ११८९ मिलिमीटरच असतो. १:२०० ने काढल्यास प्लॅन १ मीटर ७ सेंटिमीटरचा होऊन कागदावर मावतो खरा. पण त्या प्रमाणात नऊ इंची विटेची भिंत जेमतेम एक मिलिमीटरभर जाड उमटते, आणि तिच्यात चौकटीची खाच दाखवू म्हणाल तर पेन्सिलीचे टोकच खाचेपेक्षा जाड भरते. प्रमाण निवडणे म्हणजे काय सांगावयाचे आणि काय गाळावयाचे याचा निवाडा करणे होय. नवशिक्या सगळेच सांगू पाहतो. संगणकावर तर हा मोह अनावर होतो, कारण पडद्यावर हवे तितके मोठे करून पाहता येत असल्याने छापील कागदावर त्या रेषांचा काळा गोळा होणार आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. संगणकाशी माझे वैर नाही. कोनवाशाची खरी लांबी तो क्षणात सांगतो, मात्र ती विचारावयाची आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

राहता राहिले स्केच. मोजलेल्या रेखनात जे मावत नाही ते, म्हणजे उजेड, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, उंचीचा दाब, माणसाची वर्दळ, हे टिपण्यासाठी स्केच आहे, आणि म्हणून ते मोजणीच्या आधी एकदा व मोजणीनंतर एकदा करावे असा मी आग्रह धरतो. दोन्ही स्केचे शेजारी ठेवून पाहिल्यास मोजणीने डोळ्याला काय शिकविले ते निराळे सांगावे लागत नाही. या सरावासाठी बन्नेरघट्टा रस्त्यावरील व्यवस्थापन संस्थेचे आवार, प्रवेशाची परवानगी काढून, अवश्य पाहावे. दोशी यांचा जन्म पुण्यात, लाकडी सामान बनविणाऱ्या घराण्यात झाला, जे. जे. मध्ये काही काळ शिकून ते युरोपात गेले आणि ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली तयार झाले. वास्तुकलेतील प्रिट्झ्कर पारितोषिक २०१८ साली त्यांना मिळाले, आणि ते मिळविणारे ते पहिले भारतीय. फत्तेपूर सीक्रीचे अंगण मनात ठेवून आखलेल्या या आवारात करड्या दगडाच्या उघड्या भिंतींमधून लांबच लांब पडव्या जातात, काही ठिकाणी तीन मजल्यांइतक्या उंच, वर कोठे छत, कोठे नुसत्या तुळयांची जाळी आणि तिच्यावर वेल.

अशा पडवीच्या मध्यभागी उभे राहिल्यावर आपल्यापासून लांब जाणाऱ्या सर्व समांतर रेषा एका बिंदूकडे धावतात, आणि तो बिंदू आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. डोळ्यांच्या वरच्या रेषा खाली उतरतात, खालच्या वर चढतात. आपल्याइतक्याच उंचीची माणसे जवळ असोत वा दूर, त्यांचे डोळे त्या एकाच आडव्या रेषेवर येतात, बदलतात ते त्यांचे पाय. अल्बेर्तीने १४३५ साली यथादर्शनाचा हा नियम लिहून ठेवला. विद्यार्थ्याने मात्र तो आधी पाठ करू नये. पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर आडवी धरावी, तुळईचा कल तिच्याशी ताडून पाहावा, तो कल कागदावर उतरवावा, आणि मग सगळ्या रेषा वाढवून त्या कोठे भेटतात ते शोधावे. पुढे तेच दृश्य प्लॅन आणि एलिव्हेशन यांवरून, एकही रेषा अंदाजाने न काढता, भूमितीने रचण्याचा पाठ या पुस्तकाच्या उत्तरार्धात येतो. त्या पाठात स्केच, मोजणी आणि भूमिती एकाच कागदावर येतात, आणि पहिल्या परिच्छेदात ज्या तीन सुभ्यांची तक्रार केली आहे त्यांच्या सरहद्दी तेथे पुसल्या जाव्यात अशी अपेक्षा आहे.

ज्या एका प्रकारच्या रेखनाकडे कलावंत वृत्तीचे विद्यार्थी नाक मुरडतात, त्या मंजुरीच्या नकाशांना मी शेवटचे प्रकरण दिले आहे. महापालिकेच्या दप्तरात दाखल होणाऱ्या नकाशात नवे काम तांबड्या रंगात भरतात, पाडावयाचे काम पिवळ्या तिरप्या रेषांनी दाखवितात, सांडपाण्याची वाट तांबड्या तुटक रेषेने आणि पाणीपुरवठ्याची काळ्या बारीक तुटक रेषेने. ज्याच्या हाती हा कागद पडतो त्याने आपल्याला कधी पाहिलेले नसते आणि आपले म्हणणे ऐकण्यास त्याला सवडही नसते. गवंडी कन्नड बोलणारा असेल, सुतार तमिळ, मुकादम आणखी कोठला. या शहरात काम करणाऱ्या मराठी वास्तुकाराला हा अनुभव रोजचा आहे. पाडावयाच्या भिंतीवरच्या पिवळ्या रेषा शेजारच्या भिंतीवर चार मिलिमीटर जास्त गेल्या, तर १:५० च्या नकाशात ती वीस सेंटिमीटर भिंत झाली, आणि ती पाडणारा माणूस कोणाला विचारावयास थांबणार नाही.

साहित्य फारसे लागत नाही: सपाट पाट किंवा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन सेट-स्क्वेअर, बरा कंपास, आखणीसाठी टू-एच आणि स्केचसाठी टू-बी पेन्सिल, पाच मीटरचा टेप, आणि टेपचे दुसरे टोक धरण्यास एक मित्र. पहिला पाठ स्वतःच्या राहत्या खोलीचा आहे. तिचा एक कर्ण मोजल्यावर दुसराही मोजावा. दोन्ही सारखे भरले, तर टेप पुन्हा एकदा नीट ताणून पाहावा.

मल्लेश्वर, बंगळूर